मागं ऱ्हायल्या जीवा

लगडी सकाळी जांभळीखाली सापडली. पंख अंगाशी घट्ट, पाय पोटात ओढलेले, डोळ्यांवर पातळ पापणी. उचलली तर लाकडाच्या खेळण्यासारखी हातात आली; कुठं वाकेना, कुठं लवेना. पाठीवरचं दहिवर गोठून मिठासारखं झालं होतं. माझ्या बोटांच्या उबेनं ते विरघळायला लागलं, तेव्हा क्षणभर वाटलं, जागी होतेय.

मी वर बघितलं. बाकीच्या उंच फांदीवर ओळीनं बसल्या होत्या, एकमेकींना चिकटून. हलत नव्हत्या. मग कवडीनं मान काढली आणि माझ्याकडं एका डोळ्यानं बघितलं, तसा माझा जीव भांड्यात पडला.

"गेली का एखादी?" कुंपणापलीकडून चंद्राक्का विचारत होती. आमच्या परसाला तिचं परस लागून. माझ्या सासूची ती जन्माची मैत्रीण, आणि भांडायलाही जन्मभर तीच.

"लगडी गेली, अक्का."

"सोलून घे मग. रस्सा तरी हुईल."

"सोलू कशी? दगड झालीय."

"उन्हात ठेव घटकाभर." ती कुंपणाशी आली, माझ्या हातात बघितलं आणि तिचा आवाज उतरला. "नगं. पुरून टाक. भागूची कोंबडी हाय ती."

भागू म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्ती म्हणायची. आत्ती जाऊन महिना होत आला होता. चार दिवसांचा ताप, आणि पाचव्या दिवशी पहाटे घर एवढंसं झालं.

मी लगडीला घेऊन मागच्या दारातून आत आले. मामंजी नेहमीच्या जागी होते, चुलीशेजारी, भिंतीला पाठ लावून. आत्ती गेल्यापासून, दहावा सोडला तर, सासऱ्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. रडले नाहीत. कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. मी पुढं ठेवलेल्या ताटातली भाकरी सुरुवातीला अर्धी उठायची, मग चतकोर, आणि आता चार दिवस नुसती पेज. यांची, माझ्या नवऱ्याची, ड्रायव्हरकी वाईला. रविवारी आले तेव्हा बाजारच्या डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ बघितली आणि बाहेर येऊन यांना म्हणाले, "आजार काही नाही. पण असंच चाललं तर ही थंडी काढायचे नाहीत."

मामंजींनी माझ्या हातातली कोंबडी बघितली आणि दोन्ही हात पुढं केले. मी दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, धोतराचा सोगा तिच्यावर ओढला आणि तशीच ठेवून बसले. दुपारी मी हळूच काढून घेऊन परसात पुरली, तरी त्यांचे हात मांडीवर तसेच राहिले, काहीतरी धरल्यासारखे.

कोंबड्यांचं वचन मी दिलेलं होतं. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पलीकडच्या हिरड्यावर बसून नुसता बघत राहिला. हे म्हणाले, "आई, बाबांचं मी बघीन." कावळा हलला नाही. भावकीतले एकेकजण काय काय बोलले. मामंजी पाण्याकडं बघत उभे. शेवटी माझ्याच तोंडून गेलं, "आत्ती, कोंबड्या मी सांभाळीन." कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडापाशी आला आणि थांबला. मी म्हणाले, "आणि मामंजींना." तेव्हा त्यानं चोच लावली. चंद्राक्का परतताना म्हणाली होती, "त्याला भूक लागली असंल गं तवर." पण तिचे डोळे भरलेले होते.

आणि आता झाडाखाली एक मरून पडली होती, आणि चुलीपाशी दुसरा जीव विझत चालला होता.

कोंबड्या झाडावर का गेल्या, ते सांगायला हवं. आत्तींना उचललं त्या सांजेला खुराड्याशी कुणीच गेलं नाही. घर माणसांनी भरलेलं. कोंबड्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, अंधार पडेस्तोवर वाट बघत राहिल्या आणि मग जांभळीवर चढल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तेच घर केलं. मी दाणे टाकले, त्या दाणे टिपून वर. चंद्राक्काच्या थोरल्यानं झाडावर चढून बघितलं, तर त्या शेंड्याला, पार ओढ्यावर वाकलेल्या फांदीला जाऊन बसल्या. काठी लावली की आणखी वर.

तोवरची थंडी अंगावर काढण्यासारखी होती. महाबळेश्वराच्या पठारावरच्या माणसाला गारठ्याचं काय कौतुक. पण त्या आठवड्यात ती एकाएकी कडक झाली. वारा पडला. आभाळ घासलेल्या तांब्यासारखं लख्ख झालं. चुलीचा धूर वर जाईना, कौलांवरच लोळत राही. स्ट्रॉबेरीवाल्यांनी रोपांवर गवत पसरलं. आमची वाडी ओढ्याच्या काठाला, सखल. सगळ्या पठारावरचा गारठा रात्री वाहत वाहत आमच्या परसात येऊन साचायचा. लगडी गेली ती या थंडीच्या पहिल्याच रात्री.

दुपारी चंद्राक्का आली, हातात भाताच्या तुसाची पाटी घेऊन.

"आज कालच्यापेक्षा पडंल," ती म्हणाली. "माझं गुडघं सांगत्यात. त्यांना आज झाडावर ठेवशील तर उद्या टोपली घेऊनच ये खाली."

"आत कशा घेऊ, अक्का?"

"आधी आत जागा तर कर."

खुराडं आत्तींनी स्वतः बांधलेलं. दगडमातीचं, कमरेएवढं, आणि त्याची मागची भिंत ती आमच्या चुलीची भिंत. रात्रभर ती भिंत भाजलेल्या बटाट्यासारखी ऊबदार राही. आम्ही दोघींनी आतली जुनी घाण ओढून काढली, कोरडी राख शिंपडली, वर तुसाचा जाड थर दिला. ओढ्याकडच्या बाजूला गोणपाट लावलं.

"भागू म्हणायची," चंद्राक्का तूस पसरता पसरता म्हणाली, "थंडी कोंबडीला मारत न्हाई. वारं मारतं अन् वल मारते. माणसाला बी तेच."

"माणसाचंही आत्तींनीच सांगितलं होतं?"

"न्हाई. ते माझं."

मी मक्याची भरड काढली. रात्री पोटात मका असला की कोंबडी आतून तापते, हेही आत्तींचंच. छपराखाली फट होती, हातभर लांब, त्यातून गार हवा येईल म्हणून तिच्यात चिंध्या कोंबल्या. सगळं झालं. फक्त कोंबड्या झाडावर होत्या.

ऊन डोंगरावरून निघून गेलं आणि त्याबरोबर अंगावरचं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं झालं. चंद्राक्कानं पदर डोक्यावरून घट्ट ओढला.

"हौसे," ती म्हणाली, "तुला येती की तिची हाक."

सकाळपासून तेच माझ्या मनात होतं, आणि तिनं म्हणू नये असं वाटत होतं.

आत्तींची हाक अशी होती. सांजेला त्या खुराड्यापाशी उभ्या राहत, ओच्यात दाणे, एक हात कमरेवर. गाणं म्हणावं तर गाणं नव्हे, हाक म्हणावी तर नुसती हाक नव्हे.

ये गं कवडे, ये गं कोळशे, सांज टेकली दाराशी
ये गं भुंडे, ये गं लगडे, दाणा टाकला पायाशी
ये रं ये रं सरदारा, गार झोंबतो अंगाशी
मागं ऱ्हायल्या जीवा रं, तू बी ये की घराशी

कोंबड्या बदलत तशी वरची नावं बदलत. कोल्ह्यानं एखादी नेली की तिचं नाव गळे, तिथं दुसरीचं बसे. शेवटची ओळ मात्र मी नांदायला आल्यापासून तीच. त्या वेळी मी आत चुलीपुढं असायची. हाक भिंतीतून ऐकू यायची, बाहेर काय होतं ते दिसायचं नाही. एकदा विचारलं होतं, "आत्ती, सगळ्या तर आल्या. मग मागं राहिलेला कोण?" त्या हसल्या होत्या. "हाय एक. रोज उशीर करतोय." मला वाटलं, सरदार कोंबडाच. पण तो तर दाण्यावर सगळ्यांच्या आधी असायचा.

ती हाक मला येत होती, कारण माझा गळाच आत्तींचा होता. माहेरी मला आई नव्हती, गाणं नव्हतं. या घरात पहाटे जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि त्यांच्या ओवीचं शेपूट धरून गात गेले. चंद्राक्का म्हणायची, भिंतीपलीकडनं कळत न्हाई, सासू कुठली अन् सून कुठली.

"तुम्हीच सांगितलंत ना, अक्का," मी म्हणाले. "गेलेल्या माणसाच्या हाकेनं हाक मारू नये."

"सांगितलंय."

"का मारू नये?"

तिनं घराकडं बघितलं. मागचं दार उघडं होतं आणि आत चुलीचा उजेड हलत होता.

"वरीस व्हायच्या आत मारली तर गेलेलं माणूस वळून बघतंय. एवढंच असतं तर बघू दे बापडीला. पर घरातल्या कुणी त्या हाकंला ओ दिली, तर ते त्येच्या मागं जातंय. माझ्या आजीच्या गावात झालतं."

"कोंबड्या कुठं ओ देतात?"

"कोंबड्या न्हाई देत," चंद्राक्का म्हणाली.

मामंजी महिनाभर कुणालाच ओ देत नव्हते. पोटच्या मुलानं खांदा हलवून हाक मारली तरी नाही. ते काय ओ देणार, असं मी मनाशी म्हणाले. वर कोळशीनं अंग फुगवलं आणि मान पंखात घातली. कोंबडीनं एकदा मान पंखात घातली की ती पहाटेचीच.

मी ओच्यात मका घेतला आणि खुराड्यापाशी उभी राहिले.

पहिली ओळ म्हटली, ती माझ्या गळ्यातून बाजारात भाजीवाल्याला हाक मारावी तशी आली. भुंडीनं मान वळवली, बघितलं, पुन्हा फिरवली.

"असं न्हाई," चंद्राक्का मागून हळूच म्हणाली. हाक मारू नको म्हणणारीही तीच होती.

मी डोळे मिटले. एक हात कमरेवर ठेवला. समोर जातं आहे, खुंट्यावर माझ्या हाताखाली त्यांचा हात आहे, खरबरीत, पीठ लागलेला, असं डोळ्यांपुढं आणलं. आणि मग तो आवाज आला. मी काढला नाही, तो आला. पोटातून वर, जरा नाकात, ओळीच्या शेवटी हेलकावा खाऊन.

ये गं कवडे, ये गं कोळशे.

वर पंखांचा आवाज झाला. डोळे उघडले तर कवडी खालच्या फांदीवर होती. मग जमिनीवर. तिच्या मागे कोळशी, धप्पकन, म्हातारीसारखी. भुंडी. लगडीचं नाव तोंडात येता येता मी गिळलं आणि तिथं ओळ एवढीशी लंगडली. सरदार शेवटी आला, पायांवर न उतरता छातीवर पडला, उठला, अंग झाडलं. त्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली होती.

सगळ्या खुराड्याच्या दाराशी येऊन थांबल्या. मी दाणे टाकले. टिपले. आत मात्र कुणी जाईना. अर्धगोल करून उभ्या, माझ्याकडं तोंड करून.

"आल्या न्हवं? हाकल आता," चंद्राक्का म्हणाली.

मी हात पसरून पुढं झाले, तशी कवडीनं पंख उचलले आणि जांभळीकडं तोंड फिरवलं. मी जागच्या जागी थांबले. उजेड संपत आला होता. आता वर गेल्या असत्या तर पुन्हा उतरल्या नसत्या. त्या कशाची तरी वाट बघत होत्या, आणि हाकेतलं उरलेलं एकच होतं.

मी शेवटची ओळ म्हटली.

मागं ऱ्हायल्या जीवा रं, तू बी ये की घराशी.

"ओ," घरातून आवाज आला.

मोठा नव्हता. रानातून येणारा माणूस बांधावरून देतो तसा, सहज, दमलेला. चंद्राक्कानं माझं मनगट धरलं. तिची नखं लागली. आणि माझ्या पायांजवळून कवडी मान खाली घालून खुराड्यात शिरली. तिच्या मागे कोळशी, भुंडी, सरदार. कुणी ढकललं नाही, कुणी हाकललं नाही.

मामंजी मागच्या दारात उभे होते. खांद्यावर घोंगडं, पाय अनवाणी. उंबऱ्यावर हात ठेवून त्यांनी पाय बाहेर टाकला आणि आले. माझ्याकडं बघितलं नाही, चंद्राक्काकडं बघितलं नाही. वाकून खुराड्याची फळी उचलली, दाराला लावली, दगड टेकवला. मग छपराखालची फट हातानं चाचपली आणि मी कोंबलेल्या चिंध्या ओढून काढल्या.

"ही बुजवायची न्हाई," ते म्हणाले. आवाज गंजलेल्या कडीसारखा येत होता. "श्वास कोंडतो. आतनं वल धरती."

खांद्यावरचं घोंगडं काढून त्यांनी ओढ्याकडच्या बाजूला, गोणपाटावर पसरलं, चारी टोकांना दगड ठेवले. आणि नुसत्या बंडीवर आत निघून गेले.

चंद्राक्कानं माझं मनगट सोडलं.

"हौसे. दिली गं त्यानं ओ."

"ऐकलं मी."

"पहिल्याच हाकंला दिली."

"अक्का, तुम्ही जावा घरी. गारठा वाढतोय."

"जाते." ती कुंपणाशी थांबली. "आज दाराला आतनं कडी घाल."

"आत कोण येणार आहे?"

"आत येणाऱ्याला न्हाई गं. बाहेर जाणाऱ्याला."

मी कडी घातली आणि दाराला आडवी झोपले. मामंजींच्या अंगावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा घातल्या. त्यांचा श्वास ऐकत पडले. माणसाचा श्वास ऐकत पडणं वाईट. प्रत्येक थांबलेला श्वास शेवटचा वाटतो. पहाटे कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली ती गारठ्यानं. दार उघडं होतं. मामंजींची जागा रिकामी, वाकळा नीट घडी करून ठेवलेल्या. मला ओलांडून गेले होते.

बाहेर सगळं पांढरं होतं. गवत, कुंपण, जांभळीची खालची पानं, दगडांच्या पाठी. उजेड नुकता फुटत होता आणि कुठंही आवाज नव्हता, खुराड्यातही नाही. त्या पांढऱ्यावर अनवाणी पावलांचे काळे ठसे होते. दारापासून खुराड्यापर्यंत. तिथून पुढं, परस ओलांडून, ओढ्याकडं. ओढ्यापलीकडं आमच्या वाडीची जाळायची जागा. आत्तींना तिथंच नेलं होतं.

मी ठशांवरून चालत गेले. धावले नाही. धावले तर काहीतरी दिसेल असं वाटत होतं. ठसे सरळ जात होते, कुठं अडखळले नव्हते. ओढ्याच्या काठाशी संपले. तिथं दोन पावलांएवढी जागा ओली, हिरवी झाली होती. गोठलेलं दहिवर वितळून गवत वर आलं होतं. कुणीतरी तिथं बराच वेळ उभं राहिलं होतं, पलीकडं तोंड करून. काठाशी पाण्यावरची पातळ काच फुटलेली होती.

मी पलीकडं बघितलं. काही नव्हतं. राखेच्या जागेवरही पांढरं पडलं होतं.

मग शेजारीच दुसरे ठसे दिसले. परत जाणारे. जरा खोल, वजन घेतलेल्या माणसाचे.

घराच्या बगलेला, न्हाणीपुढच्या चुलीवर धूर होता. मामंजी उकिडवे बसून जाळ सारत होते. वर पितळी पातेलं. शेजारी ओढ्याच्या पाण्याची कळशी. मी समोर जाऊन उभी राहिले.

"पाणी आणाया गेलतो," ते म्हणाले. "कोंबड्यांच्या थाळ्यातलं गोठलंय. कोमट पायजे त्यांना. उकळाया द्यायचं न्हाई."

"रांजणात होतं की पाणी, मामंजी."

त्यांनी लाकूड पुढं सरकवलं. "होतं," म्हणाले.

खुराड्याची फळी मी काढली. आतून उबेचा, तुसाचा आणि कोंबड्यांच्या अंगाचा वास आला. एकेक बाहेर आली, पांढऱ्यावर पाय ठेवला, उचलला, माझ्याकडं तक्रारीनं बघितलं. त्यांच्या चोचींतून वाफ निघत होती. सगळ्या होत्या.

मामंजींनी कोमट पाणी थाळ्यात ओतलं. मग सरदाराला मांडीत धरून त्याच्या तुऱ्याला खोबरेल चोळायला लागले, अंगठ्यानं, सावकाश. काल लगडी होती त्याच मांडीवर. कोंबडा गप्प बसून होता. मी समोर बसले. विचारावं की नाही ते ठरेना, म्हणून खालीच बघत राहिले.

"मामंजी, काल हाक मी मारली होती."

"ठाव हाय."

"तुम्हाला वाटलं असंल..."

"सरदाराच्या ओळीला तिचा आवाज चिरकायचा," ते म्हणाले. "दर टायमाला. कैक वर्सं ऐकलंय. तुझा न्हाई चिरकला."

"मग ओ का दिलीत?"

त्यांनी कोंबड्याची मान दुसऱ्या बाजूला वळवली.

"ओ दिल्याबिगर त्या आत जात न्हाईत."

सरदारानं डोळे मिटले होते.

"नवी होती तवाची गोष्ट," मामंजी तुऱ्याकडं बघत म्हणाले. "माझं नाव घ्यायची सोय न्हाई. अवं म्हणाया बी लाजायची. घरात सासू, सासरा, दीर. आन् मी रानात बसायचो अंधार पडूस्तोवर, दोस्तांत. जेवण निवायचं. हाक तर माराया पायजे. मग हिनं काय केलं, कोंबड्यांच्या मागं मला जोडून दिला. सासूसासऱ्यांदेखत मारायची हाक. कुणाला पत्ता न्हाई. मी बांधावरनं ओ द्यायचो, येऊन फळी लावायचो." त्यांनी सरदाराला खाली सोडलं, तेलाचे हात पायांना पुसले. "आईला माझ्या मरूस्तोवर वाटत हुतं, पोरगं किती गुणाचं, कोंबड्या खुराड्यात डालाया येळंवर येतंय."

त्यांचा खालचा ओठ जरासा वाकडा झाला. ते हसू होतं हे मला मागाहून कळलं. मग ते तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, महिन्याभराचं, आवाज न करता. मी उठून भाकरी थापायला गेले. त्यांनी अख्खी खाल्ली, वर मिरचीला तेल मागितलं.

चंद्राक्का कुंपणाशी आली, तिनं मामंजींना चुलीपुढं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हाय व्हय अजून," ती म्हणाली.

"तुझी उधारी फिटली न्हाई न्हवं," मामंजी म्हणाले.

ती थंडी आणखी चार-पाच दिवस राहिली आणि मग वारा फिरला. तोवर रोज सांजेला मी हाक मारली. थंडी गेल्यावरही मारली. मामंजी आता शेतावर जायला लागले होते. ओढ्याकडच्या बांधावरून ओ यायची, कोंबड्या आत जायच्या, ते येऊन फळी लावायचे. चंद्राक्कानं पुढं कधी ओ चा विषय काढला नाही. एकदाच म्हणाली, "ओ देणारा मागं जातो म्हणत्यात, तो काय त्याच सांजंला जातो असं न्हाई. सावकाश बी जातो." मामंजी किती तरी वर्षं सावकाश गेले. कवडी गेली, कोळशी गेली, सरदारही गेला. नावं गळली, नवी बसली. नातवाला खांद्यावर घेऊन त्यांनी बांधावरून ओ दिली, काठी टेकीत दिली, शेवटच्या सालात अंगणातल्या बाजेवरून दिली.

ते गेले ते एका मार्गशीर्षात, झोपेत. थंडी होती, पण साधीच. दुपारपर्यंत सगळं उरकलं. माणसं ओसरीवर बसली होती. सांज झाली तशी मी उठले, या वेळी मी विसरले नव्हते. ओच्यात मका घेतला आणि मागच्या दारानं परसात गेले.

हाक मारली. शेवटची ओळ मी म्हटली नाही. कुणासाठी म्हणायची?

कोंबड्या आल्या. या आत्तींनी पाहिलेल्यासुद्धा नव्हत्या, त्यांच्या कोंबड्यांच्या नाती-पणत्या. दाणे टिपले आणि खुराड्याच्या दाराशी अर्धगोल करून उभ्या राहिल्या. मी फळीला हात घातला. हलल्या नाहीत. मी हात पसरले, तशी एकीनं जांभळीकडं बघितलं.

उजेड संपत आला होता. बांधावर कुणी नव्हतं. अंगणातली बाज कुणीतरी उचलून भिंतीला उभी केली होती.

मी शेवटची ओळ म्हटली. ती संपल्यावर परस इतकं गप्प झालं की ओढ्याचं पाणी ऐकू आलं. कोंबड्या वाट बघत होत्या. मीही बघितली. बरीच बघितली.

मग मीच ओ दिली.

त्या मान खाली घालून एकेक आत गेल्या. मी फळी लावली, दगड टेकवला. वरची फट तेवढी हातानं चाचपून मोकळी आहे ना ते बघितलं.